आरोग्याचा हक्क आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या विद्यालयातील लहानातल्या लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. संविधानाचे शिल्पकार, महाडच्या संगराचे सेनानी, थोर अर्थशास्त्रज्ञ, धम्मचक्राला पुन्हा गती देणारे बोधिसत्त्व अशा अनेक रूपांत आपण त्यांना अभिवादन करतो. या चरित्रातून वाहणारा आणखी एक प्रवाह मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतो. तो प्रवाह आरोग्याचा आहे. माणूस आजारी पडला तर त्याला कोणी शिवावे, बाळंतिणीला विश्रांती कोणाच्या पैशाने मिळावी, खाणीत हात गमावलेल्या मजुराचे घर कोणी चालवावे, हे प्रश्न बाबासाहेबांच्या आयुष्यात जन्मापासून होते आणि पुढे त्यांनी ते कायद्याच्या भाषेत मांडले. आपले बहुसंख्य पालक शेतमजूर, ऊसतोड कामगार, सफाई कामगार किंवा गिरणी-कारखान्यांतील कष्टकरी आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बाबासाहेबांचे जीवन याच एका अंगाने पाहण्याचे योजिले आहे.

चौदावे अपत्य

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य, हे वाक्य आपण पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु त्या चौदांपैकी किती जगले, हे आपण सहसा विचारीत नाही. बलराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली, एवढी पाचच अपत्ये पुढे हाती लागली. बाकीची नऊ गेली. हे घर अगदीच निराधारही नव्हते. वडील लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, घरात अक्षरओळख होती आणि महिन्याला निश्चित उत्पन्न होते. अशा घराची ही गत असेल, तर गावकुसाबाहेरच्या घरांची काय असेल, याची कल्पना करावी. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच मातेचे छत्रही हरपले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले आणि आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहू लागले. या चाळीच्या नावातही आरोग्याचा इतिहास दडलेला आहे. १८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ आली. माणसे पटापट मरू लागली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. साथीचे मूळ दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, ओलसर वस्त्यांत आहे असे मानून सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रस्ते रुंद करणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. त्याच चाळीत रॉकेलच्या दिव्याखाली भीमरावांनी रात्री जागवल्या, तेथूनच ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले आणि परदेशातून परतल्यावरही १९३४ साली राजगृहात जाईपर्यंत त्यांचा संसार तेथेच राहिला.

प्लेगच्या साथीत सरकारचे दोन चेहरे दिसले होते. एका बाजूला चाळी व गटारे बांधणारे सरकार होते. दुसऱ्या बाजूला १८९७ चा साथरोग कायदा हाती घेऊन घराघरांत सैनिक शिरवणारे सरकार होते. समाजाचाही एक चेहरा त्याच वेळी दिसला. पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेल्या आपल्या यशवंतला बोलावून घेऊन गावाबाहेर दवाखाना उघडला आणि रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. मुंबईत गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचाही त्याच वर्षी फेब्रुवारीत प्लेगने बळी घेतला. सत्ता आणि समाज या दोघांनी मिळून आरोग्य राखायचे असते, आणि सत्ता माणसाला माणूस मानत नसेल तर तिचे औषधही जाचक होते, हा धडा त्या साथीने दिला होता. बाबासाहेबांच्या पुढील कार्यात या दोन्ही बाजू दिसतात.

स्वतःच्या संसारातही त्यांना बालमृत्यूचा घाव पुन्हा पुन्हा सोसावा लागला. रमाबाईंच्या पोटी पाच अपत्ये जन्मली. त्यांतील एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू ही बालपणीच गेली आणि सर्वांत लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या दुःखाने बाबासाहेब पार खचले होते. जगातील दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या पित्यालाही आपली मुले वाचवता आली नाहीत. २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजारानंतर माता रमाईंचेही निधन झाले.

पाणी आणि दवाखाना

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. महाडच्या सत्याग्रहाचा कायदेशीर पाया म्हणून आपण हा ठराव शिकवतो. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, एवढे आपल्या लक्षात राहते. त्याच ठरावात सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या यांच्याबरोबर दवाखान्यांचाही उल्लेख होता, हे मात्र विसरले जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. १९२३ सालापर्यंत अस्पृश्य रुग्णाला सरकारी दवाखान्याच्या दारातून आत जाता येईल की नाही, हा कायदेमंडळाने ठराव करण्याइतका मोठा प्रश्न होता. पाण्याचा प्रश्न आणि औषधाचा प्रश्न एकाच कागदावर होते, कारण दोन्हींच्या आड तोच विटाळ उभा होता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेतले. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने याहून उलटा न्याय असू शकत नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी नासते आणि शेणाने ते निर्मळ होते, अशी ही समजूत होती. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांकडूनही मागणी केली, आणि ती पाण्याच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, उष्टे मागणे सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना स्वच्छ नेसण्याचा, घर आणि मुले नीटनेटकी ठेवण्याचा उपदेश केला. अनेक गावांतील महारांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे बंद केले. त्याबद्दल त्यांना बहिष्कार आणि मारहाण सोसावी लागली, तरी त्यांनी माघार घेतली नाही. सरकारच्या कोणत्याही आरोग्य खात्याने न केलेली ही आहार आणि स्वच्छतेची चळवळ समाजाने स्वतः केली. आपल्या आज्या-पणज्यांनी ती केली. तिचा उल्लेख वैद्यकाच्या इतिहासात सापडत नाही, म्हणून तरी तो आपण करावा.

चाळीसगावचा टांगा आणि काठियावाडचा थर्मामीटर

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामावरून परतताना २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला आपल्या टांग्यात घेऊन हाकायला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा माणूस असावा. वस्तीतील ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत कोसळला. बॅरिस्टर झालेला, कायदेमंडळाचा सभासद असलेला, सरकारी समितीवर काम करणारा हा माणूस एका टांगेवाल्याच्या जातीच्या अभिमानापायी जिवानिशी जायचा, तो थोडक्यात वाचला.

या अनुभवाइतकाच दारुण असा दुसरा प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींच्या लेखनात नोंदवला आहे. तो १९२९ च्या डिसेंबरात गांधीजींच्या यंग इंडियात छापलेल्या एका पत्रातील होता. पत्र लिहिणारा काठियावाडातील एक अस्पृश्य शिक्षक. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी शब्द टाकला, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो वस्तीबाहेर थांबायला कबूल झाला. बाळंतिणीला घराबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनियाचे निदान केले आणि औषध पाठवून दिले. पुन्हा मात्र तो आला नाही. ती तरुण माता मरण पावली.

मी स्वतः शिक्षक आहे. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग सांगताना वर्गात नेहमी एकच प्रश्न उमटतो, की औषध तर मिळाले होते, मग ती का मेली? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आरोग्यसेवेचे सारे मर्म आहे. गोळी आणि बाटली म्हणजे उपचार नव्हे. रुग्णाच्या नाडीवर ठेवलेला हात, छातीला लावलेली नळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलेली फेरी या साऱ्यांचा मिळून उपचार होतो. अस्पृश्यतेने हा हातच काढून घेतला होता. डॉक्टरच्या मर्जीवर अवलंबून असलेला उपचार हा उपकार ठरतो आणि उपकार केव्हाही थांबवता येतो. तो हक्क झाला पाहिजे, आणि हक्क कायद्यातून येतो. हीच दिशा बाबासाहेबांनी पकडली.

मातेची विश्रांती

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले. २८ जुलै १९२८ रोजी तेथे प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. हे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले असे आपल्या व्यासपीठांवरून अनेकदा सांगितले जाते. ते तसे नाही. मांडणारे दुसरे सभासद होते. बाबासाहेबांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला आणि तोही असा युक्तिवाद करून, की जो आजही जुना झालेला नाही. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण मालक स्त्रियांना कामावर ठेवतो, कारण त्यात त्याचा फायदा असतो. तेव्हा सरकार पुढे येईपर्यंत मालकाने हा खर्च सोसणे न्यायाचेच आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. या विषयावरील भारतातील तो पहिला कायदा होय.

स्त्रीच्या आरोग्याचा विचार त्यांनी प्रसूतीपुरता ठेवला नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे समाजस्वास्थ्य मासिकातून संततिनियमनाचा आणि लैंगिक आरोग्याचा प्रचार करीत. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, पण ज्या विषयाचे नाव काढायला सुशिक्षितही धजत नव्हते, त्याची बाजू न्यायालयात मांडली गेली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. स्वतंत्र भारताने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांना बाबासाहेबांनी घरच्या वडीलधाऱ्यासारखा उपदेश केला. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, अधिक मुलांच्या ओझ्याखाली स्वतःला चिरडून घेऊ नका, असा त्याचा आशय होता. चौदा भावंडांत जन्मलेला आणि आपली चार मुले गमावलेला माणूस हे बोलत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

याच काळात मुंबईत त्यांनी म्युनिसिपल कामगार संघाची उभारणी केली. शहराची घाण उपसणारे, गटारात उतरणारे कामगार हे मुंबईच्या आरोग्याचे खरे राखणदार. पण त्यांच्या आजारपणाची रजा, त्यांची राहण्याची जागा, त्यांचे म्हातारपण यांची फिकीर कोणालाच नव्हती. शहराला निरोगी ठेवणारा हात स्वतः मात्र रोगी राहतो, ही विसंगती या संघाने पुढे आणली.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. महायुद्धाचा काळ होता. कोळसा, पोलाद आणि कापड यांची मागणी वाढत होती आणि कामगार पिळून निघत होता. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील कोळसा खाणींना भेट दिली, खाणीत खाली उतरून मजुरांचे काम प्रत्यक्ष पाहिले आणि त्यांच्या वस्त्या नजरेखालून घातल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रचना साधी पण दूरदर्शी होती. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर थोडा उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांसाठी घरे, पिण्याचे पाणी, दवाखाने आणि शिक्षण यांची सोय करायची. ज्या कोळशासाठी मजूर छातीत धूळ भरून घेतो, त्या कोळशानेच त्याच्या औषधाचे पैसे द्यावेत, हे त्यामागचे तत्त्व. पुढे या निधीतूनच धनबाद आणि आसनसोल येथे खाण कामगारांची मोठी रुग्णालये उभी राहिली.

याच खाणींच्या संदर्भात एक अवघड प्रकरण आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते टाळू नये. स्त्रियांनी जमिनीखाली काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली सरकारने ती तात्पुरती उठवली. मजूरमंत्री या नात्याने कायदेमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. मातेच्या विश्रांतीसाठी १९२८ साली झगडणाऱ्या नेत्याला १९४४ साली स्त्रिया खाणीत उतरण्याच्या निर्णयाची बाजू मांडावी लागली. ही आणीबाणीची सोय आहे, असे त्यांनी सांगितले, आणि स्त्री-पुरुषांना समान कामाला समान मजुरी मिळेल ही अट तेथे लागू केली असल्याचेही नमूद केले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त्या झाल्या. जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीपूर्वी अधिक दीर्घ रजा मिळाली. १९४६ च्या सुरुवातीला ती बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसणे म्हणजे हवे ते करता येणे नव्हे. मिळेल तेवढ्या जागेत दुबळ्याच्या बाजूने जास्तीत जास्त काय करता येईल, याची ती रोजची परीक्षा असते. या प्रकरणातून बाबासाहेबांचे मोठेपण कमी होत नाही, उलट राज्यकारभाराचे वास्तव कळते.

कामाचे तास हाही आरोग्याचाच विषय आहे. थकलेला हात यंत्रात जातो. त्रिपक्षीय परिषदेत त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न पुढे आणला आणि १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कायम चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

परंतु आरोग्याच्या दृष्टीने या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी काम म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आले, तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री नव्हते. त्या खात्याची सूत्रे बाबू जगजीवन राम यांच्याकडे गेली होती. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबईत आली. पाया एकाच्या काळात घातला गेला, भिंती दुसऱ्याच्या काळात चढल्या, आणि आराखडा एका अर्थतज्ज्ञाने काढला. श्रेय असे वाटून सांगितले म्हणून कोणाचे काही घटत नाही.

या योजनेचे वेगळेपण समजून घ्यावे. कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाते, मालक त्याहून मोठा वाटा भरतो, आणि त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात बुडालेल्या मजुरीची काही भरपाई, प्रसूतीच्या काळात लाभ आणि कामावर अपघात झाल्यास निर्वाहाचा आधार मिळतो. येथे डॉक्टरपुढे हात जोडायचे नाहीत, गावच्या प्रतिष्ठितांचा शब्द टाकायचा नाही. कार्ड दाखवायचे आणि उपचार घ्यायचे. काठियावाडच्या त्या शिक्षकाकडे जे नव्हते, ते हेच.

त्याच सुमारास, १९४३ ते १९४६ या काळात, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली आणि पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये हे तत्त्व मांडले. गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्या अहवालाची देणगी. ते खाते बाबासाहेबांचे नव्हते. पण एकाच सरकारच्या छत्राखाली, एका टेबलावर विम्याचा आणि दुसऱ्या टेबलावर आरोग्य केंद्रांचा आराखडा तयार होत होता, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

संविधानातील आरोग्य

संविधानात आरोग्य हा स्वतंत्र हक्क म्हणून मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. तो राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अनुच्छेद ३९ कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा व बळाचा गैरवापर होऊ नये असे सांगतो. अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची जबाबदारी राज्यावर टाकतो. अनुच्छेद ४७ लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवतो. ही तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, म्हणून ती पोकळ आहेत अशी टीका तेव्हाही झाली होती. बाबासाहेबांचे उत्तर असे होते, की सत्तेवर येणाऱ्या कोणत्याही पक्षाला ती डावलता येणार नाहीत, कारण न्यायालयात नसला तरी निवडणुकीत मतदारांपुढे त्याला जाब द्यावा लागेल.

दुसरीकडे अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ ने विहिरी, तळी, रस्ते अशा सार्वजनिक जागांचा वापर सर्वांना खुला केला. १९२३ च्या ठरावात जे लिहिले होते आणि १९२७ साली ज्यासाठी डोकी फुटली, ते आता देशाचा मूलभूत कायदा झाले. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सरकारी रुग्णालयांनी तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे असा निर्णय दिला. मार्गदर्शक तत्त्वाचे बीज असे हळूहळू हक्काच्या झाडात वाढत गेले.

शेवटची वर्षे आणि आपली जबाबदारी

इतरांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या माणसाचे स्वतःचे शरीर मात्र साथ देत नव्हते. मधुमेह, रक्तदाब आणि मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांना ग्रासले होते. संविधानाचा मसुदा तयार होत असतानाच उपचारांसाठी ते मुंबईला येत आणि तेथेच त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला आणि सविता या नावाने त्यांनी बाबासाहेबांच्या आजारपणाचा भार अखेरपर्यंत वाहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेताना बाबासाहेबांना उभे राहण्यासाठीही आधार लागत होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांनी स्वीकारलेल्या धम्मात रुग्णसेवेला फार वरचे स्थान आहे. अतिसाराने मलमूत्रात लोळत पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले आणि आनंदाच्या मदतीने खाटेवर निजवले, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, वाटसरूंसाठी विहिरी खोदल्या, हे गिरनारच्या शिलालेखात कोरलेले आहे. तथागतांचा तो हात समाजाचा आहे आणि अशोकाची ती विहीर राज्याची. बाबासाहेबांनी या दोन्हींना आधुनिक कायद्यात जागा दिली.

तरीही काम पुरे झालेले नाही, हे आपल्या विद्यालयाइतके कोणाला ठाऊक असणार? कर्मचारी राज्य विमा योजना ठरावीक वेतनमर्यादेतील संघटित कामगारांपुरती आहे. आपल्या बहुसंख्य पालकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर कायमचे नसते. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जाणारी माय प्रसूती रजेच्या कायद्यात बसत नाही. एक दिवस काम चुकले तर तिला खाडा भरावा लागतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. ज्यांच्या घरातून आपली मुले येतात त्यांना तो धक्का नव्हता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विचारलेला प्रश्न, मातेच्या विश्रांतीचे पैसे कोण देणार हा, त्या फडात आजही अनुत्तरित उभा आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, औषध दुकानदार आहेत, कामगार संघटनांत काम करणारे आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे. आपल्या गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येतो की नाही, औषधे आहेत की नाहीत, रुग्ण कल्याण समितीची बैठक होते की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कारखान्यात लागलेल्या आपल्या भावाचे विमा कार्ड निघाले आहे का, हे पाहा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कार्ड नसेल, तर ठेकेदाराला विचारा. वस्तीतल्या गरोदर बहिणीची नोंद आशाताईंकडे झाली आहे का, याची चौकशी करा. मुलीच्या लग्नाची घाई होत असेल तर नागपूरच्या १९४२ च्या परिषदेची आठवण करून द्या. जो परिचारक किंवा डॉक्टर झाला असेल त्याने रुग्णाच्या नाडीवर हात ठेवताना त्याची जात, त्याचे कपडे, त्याची फाटकी चिठ्ठी पाहू नये.

जयंतीला आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. तो जरूर घालावा. पण ज्या दिवशी एखादी ऊसतोड करणारी बाळंतीण खाड्याच्या भीतीवाचून आपल्या लेकराला छातीशी घेऊन निश्चिंत निजेल, त्या दिवशी भीमाबाईंच्या चौदाव्या अपत्याला आपण खरे अभिवादन केले असे होईल.

जयभीम!